व्हिनाइल स्टिकर-छपाई (इंकजेट)

पॉलिव्हिनाइल क्लोराइडच्या, म्हणजे पीव्हीसीच्या, चिकट पाठ असलेल्या तावावर इंकजेट प्रिंटरने केलेली छपाई. बरण्या-बाटल्यांची लेबले, लॅपटॉपवर चिकटवायची चित्रे, घरगुती धंद्यांचे लोगो अशा किरकोळ कामांना ती सोयीची पडते. दिल्लीत टाकीवाले (शाई टाकीत भरायचे) प्रिंटर आणि त्यांची शाई यांसाठी लोक नेहरू प्लेस गाठतात. कागदाचा जुना घाऊक बाजार चावडी बाजारात आहे.

सगळी मदार तावावरच्या लेपावर असते. घरगुती इंकजेटची शाई मुख्यतः पाण्याची, आणि पीव्हीसी पाणी शोषत नाही. त्यामुळे कोऱ्या व्हिनाइलवर शाईचे थेंब साचतात आणि बोट लागताच फराटा उठतो. इंकजेटच्या तावावर म्हणून शाई धरून ठेवणारा थर दिलेला असतो. तो कोणत्या बाजूला आहे हे पाहायला ओलसर बोट कोपऱ्याला टेकवावे. लेपाची बाजू किंचित चिकटते. ‘सगळ्या प्रिंटरला चालतो’ असे सांगून विकलेला ताव आधी एकच घेऊन पाहावा. लेझर प्रिंटर टोनर उष्णतेने वितळवून बसवतो. इंकजेटचा ताव त्यात घातला तर तो आकसतो, प्रसंगी आतल्या रुळाला चिकटतो आणि प्रिंटर दुरुस्तीला जातो. काही स्टिकर काढून घेतलेला अर्धा ताव पुन्हा छापायला घालणे हीही तशीच महागात पडणारी काटकसर.

डाय शाईत रंग पाण्यात विरघळलेला असतो. ती खुलून दिसते, पण ऊन आणि हवेतला ओझोन यांनी लवकर विटते. दिल्लीच्या उन्हाळ्यात दोन्हींची ददात नाही. पिगमेंट शाईत रंगाचे सूक्ष्म कण तरंगत असतात. ती जास्त टिकते. अनेक टाकीवाल्या प्रिंटरांत काळी शाई पिगमेंट आणि बाकीचे तीन रंग डाय असतात. तेव्हा चकचकीत तावावर छापताना सेटिंग ‘साधा कागद’ राहिले, तर काळी अक्षरे लेपात न मुरता पृष्ठभागावरच राहतात आणि पुसली जातात. फोटो कागदाचे सेटिंग निवडल्यावर काही प्रिंटर काळा रंग रंगीत शायांतूनच जुळवतात. पांढरी शाई घरगुती प्रिंटरात नसते. पारदर्शक व्हिनाइलवरचे चित्र गडद बाटलीवर जवळजवळ दिसेनासे होते ते त्यामुळे.

छापलेला ताव पूर्ण सुकू देऊन मगच त्यावर थंड लॅमिनेशन करतात, म्हणजे उष्णता न देता पारदर्शक पापुद्रा चिकटवतात. ओल बहुधा कडेने शिरते, म्हणून हा पापुद्रा छापील भागाच्या थोडा बाहेर सोडून कापतात.

दुकानांच्या काचा आणि गाड्या यांवरचे मोठे व्हिनाइल बहुधा इको-सॉल्व्हंट यंत्रांवर निघते. तीही इंकजेटच, पण त्यांची शाई पीव्हीसीतच रुतत असल्याने वेगळा लेप लागत नाही. मात्र गाड्यांवरचे प्रत्येक स्टिकर असे छापून चालत नाही. दिल्ली परिसरातल्या गाड्यांच्या काचेवर इंधन दाखवणारे, पेट्रोल-सीएनजीला फिकट निळे आणि डिझेलला नारिंगी, स्टिकर लावण्याच्या योजनेस सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2018 मध्ये मान्यता दिली. 100 × 60 मिलिमीटरचे ते होलोग्राम-स्टिकर काढू जाता फाटेल असेच बनवलेले असते. घरी छापलेली नक्कल त्या जागी चालत नाही.