‘अंध’ प्राण्याची ज्ञानेंद्रिये : सह्याद्रीतील देवगांडूळ आणि भ्रूणविज्ञानाचा इतिहास

प्रस्तावना :
पृष्ठवंशी प्राण्यांच्या ज्ञानेंद्रियांचा भ्रूणीय विकास हा विषय पदवी व पदव्युत्तर वर्गांत बहुधा बेडूक आणि कोंबडी या दोन प्राण्यांच्या आधारे शिकविला जातो. या दोहोंचा डोळा पूर्ण विकसित असतो. त्यामुळे डोळा कसा घडतो हे विद्यार्थ्यास समजते. परंतु उत्क्रांतीच्या ओघात दृष्टीची गरज कमी झाल्यास डोळ्याच्या घटकांचे काय होते, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. त्याचे उत्तर देणारा प्राणी सांगली-सातारा जिल्ह्यांच्या पश्चिमेकडील सह्याद्रीच्या मातीत राहतो. मराठीत त्यास देवगांडूळ म्हणतात. प्रस्तुत लेखात या प्राण्याविषयीचे ज्ञान आणि ज्ञानेंद्रियांचे भ्रूणविज्ञान या दोहोंचा इतिहास एकत्रितपणे मांडला आहे.

नामकरण आणि त्यातील विसंगती :
देवगांडूळ हा गांडूळ नव्हे आणि सापही नव्हे. तो पाय नसलेला उभयचर प्राणी होय. लिनियसने १७५८ मध्ये अशा एका दक्षिण अमेरिकी प्राण्यास ‘केसिलिया टेंटॅक्युलाटा’ हे नाव देऊन त्याची गणना सापांत केली. यातील पहिला शब्द ‘अंध’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे, तर दुसऱ्याचा अर्थ ‘स्पर्शिका असलेला’ असा होतो. म्हणजे एका इंद्रियाचा अभाव आणि दुसऱ्याचे अस्तित्व या दोन्ही गोष्टी एकाच नावात आल्या. मात्र त्यांचा परस्परसंबंध पुढे दीर्घकाळ उलगडला नाही.

पॉल आणि फ्रिट्झ सारासिन या बंधूंनी १८८३ ते १८८६ या काळात श्रीलंकेत इक्थियोफिस या देवगांडुळाचा अभ्यास केला. मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते, अंड्यातील भ्रूणास बाह्य कल्ले असतात आणि अंड्यातून निघालेली डिंभके पाण्यात राहतात, हे त्यांनी सविस्तर नोंदविले. या डिंभकांत माशांप्रमाणे पार्श्वरेखा-इंद्रिये असतात. जमिनीवरील जीवनात ती नाहीशी होतात. एकाच प्राण्याच्या आयुष्यात ज्ञानेंद्रियांचा संच बदलतो, ही बाब येथे स्पष्ट दिसते.

प्रायोगिक भ्रूणविज्ञान :
हान्स स्पेमान यांनी १९०१ मध्ये बेडकाच्या भ्रूणातील भावी नेत्रपुटिकेचा भाग तापलेल्या सुईने नष्ट केला, तेव्हा त्या बाजूस नेत्रभिंग तयार झाले नाही. मेंदूपासून निघालेली नेत्रपुटिका वरच्या बाह्यस्तरास भिंग घडविण्यास प्रवृत्त करते, असा निष्कर्ष यातून निघाला. बेडकांच्या इतर जातींत वेगळे निकाल मिळाल्याने हे चित्र पुढे अधिक गुंतागुंतीचे ठरले. तथापि इंद्रिय हे ऊतींच्या परस्परक्रियेतून घडते, हे तत्त्व टिकून राहिले. दृष्टिपटल मेंदूच्या भागापासून, तर भिंग, नासिका-आवरण, अंतर्कर्ण आणि पार्श्वरेखा ही इंद्रिये डोक्याकडील बाह्यस्तराच्या जाड झालेल्या पट्ट्यांपासून तयार होतात. १९८३ मध्ये गॅन्स आणि नॉर्थकट यांनी या पट्ट्या व चेताशिखा यांच्या उदयाशी पृष्ठवंशीयांच्या डोक्याची उत्पत्ती जोडली.

ही परंपरा महाराष्ट्रातही पोहोचली. बेडकावरील प्रयोगपद्धती पक्ष्यांच्या भ्रूणाकडे नेणारे सी. एच. वॉडिंग्टन एडिंबरो येथे कार्यरत होते. तेथे लीला मुल्हेरकर यांनी कोंबडीच्या भ्रूणातील प्रवर्तनावर केलेले संशोधन १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे पुणे विद्यापीठात त्यांनी भ्रूणविज्ञानाच्या अध्यापन-संशोधनाची परंपरा रुजविली.

डोळ्याच्या घटकांचे पुनर्नियोजन :
देवगांडुळांचा डोळा काही जातींत त्वचेखाली, तर काहींत कवटीच्या हाडाखाली झाकलेला असतो. परंतु तो निरुपयोगी अवशेष नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही जातींच्या डोळ्यांत दंडपेशींचे दृष्टिरंजक आढळले. शंकुपेशींचे मात्र आढळले नाही. म्हणजे रंगभेद नसला तरी प्रकाशाची जाणीव शक्य आहे. त्याहून महत्त्वाची आहे ती डोळा आणि नाकपुडी यांच्या दरम्यानची स्पर्शिका. इतर उभयचरांत डोळा आत ओढणारा स्नायू येथे स्पर्शिका आत ओढतो. डोळ्याशी निगडित हार्डर ग्रंथी तिला वंगण पुरविते. आणि अश्रुनलिका मातीतील रासायनिक संकेत जेकबसनच्या इंद्रियापर्यंत नेते. एका इंद्रियाची साधनसामग्री दुसऱ्याच्या कामी आली आहे.

सह्याद्रीतील नोंदी :
एडवर्ड टेलर यांनी १९६० मध्ये खंडाळ्याच्या नमुन्यावरून ‘इंडोटिफ्लस’ ही प्रजाती स्थापिली. या नावातही ‘अंध’ अर्थाचा ग्रीक शब्द आहे. लिनियसनंतर दोनशे वर्षांनीही दृष्टिकोन तोच राहिला. २००३ मध्ये आंबोलीहून ‘गेगेनिओफिस डॅनिएली’ या जातीची नोंद झाली. २००४ मध्ये वरद गिरी, डेव्हिड गोवर आणि मार्क विल्किन्सन यांनी सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील हुंबरळी येथून ‘इंडोटिफ्लस महाराष्ट्राएन्सिस’ या जातीचे वर्णन केले. कोयनेचे धरण १९६० च्या दशकात पूर्ण झाले. त्याच परिसरातील या पृष्ठवंशी प्राण्यास शास्त्रीय नाव मिळण्यास मात्र एकविसावे शतक उजाडावे लागले.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, ‘अंध’ हे नाव या प्राण्यापेक्षा निरीक्षकाच्या दृष्टीविषयी अधिक सांगते. जे नाही त्याची नोंद तत्काळ झाली. जे आहे ते समजण्यास भ्रूणविज्ञानाची गरज भासली. ज्ञानेंद्रियांची उत्क्रांती ही केवळ लाभ-हानीची यादी नसून उपलब्ध घटकांच्या नव्या मांडणीचा इतिहास आहे. साप समजून देवगांडूळ अनेकदा मारला जातो. वाळवा, शिराळा, पाटण या तालुक्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांना बेडूक व कोंबडी यांच्यासोबत या प्राण्याचा परिचय वर्गात झाला, तर पावसाळ्यात बांधावर तो दिसताच त्यांच्यापैकी काहींचा हात काठीऐवजी नोंदवहीकडे जाईल. या विषयाच्या अध्यापनाचे तेही एक प्रयोजन मानावयास हवे.