टाळ्यांचा भुकेला सम्राट: नीरो आणि त्याचे प्रेक्षक



रोम जळत होतं आणि नीरो फिडल वाजवत होता, हे वाक्य आपण सगळ्यांनी शाळेपासून ऐकलंय. सरकार कुठलंही असो, अग्रलेखात ते अधूनमधून येतंच. त्यातलं फिडल तर सरळ चूक आहे. ते वाद्य कित्येक शतकांनंतरचं. नीरो वाजवायचा तो किथारा, एक तंतुवाद्य. इसवी सन 64 च्या जुलैमध्ये आग लागली तेव्हा तो रोममध्ये नव्हताच, अँटियम या समुद्रकाठच्या गावी होता, असं टॅसिटस हा रोमन इतिहासकार लिहितो. परत आल्यावर त्याने बेघर झालेल्यांसाठी स्वतःच्या बागा उघडल्या, धान्याचा भाव उतरवला. तो आगीकडे बघत गायला, ही गोष्ट टॅसिटस अफवा म्हणूनच नोंदवतो.

पण लोकांना ती अफवा पटली, हे महत्त्वाचं. शहर जळत असतानाही हा माणूस स्वतःच्या गाण्याचाच विचार करेल, असं लोकांना का वाटलं? याचं उत्तर आगीत नाही, नाट्यगृहात आहे. म्हणून आज आपण नीरोकडे थोडं कमी आणि त्याच्यासमोर बसलेल्या माणसांकडे थोडं जास्त बघणार आहोत.

आधी शब्दाचं बघू. 'नार्सिसिस्ट' हा शब्द हल्ली कुणालाही लावला जातो. नार्सिसिझमला मराठीत आत्मरती किंवा आत्मपूजा म्हणतात. स्वमग्नता म्हणू नये, कारण तो शब्द ऑटिझमसाठी रूढ झालाय आणि ती फार वेगळी गोष्ट आहे. शब्दाचं मूळ ग्रीक पुराणकथेत आहे. नार्सिसस हा तरुण पाण्यातल्या स्वतःच्याच प्रतिबिंबावर भाळला आणि तिथेच झुरून गेला. फ्रॉइडने 1914 मध्ये या विषयावर निबंध लिहिला, आणि 1980 मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत ते एका व्यक्तिमत्त्व-विकाराचं नाव झालं.

या गोष्टीतलं दुसरं पात्र मात्र आपण विसरतो. तिचं नाव एको, म्हणजे प्रतिध्वनी. रोमन कवी ओव्हिडने तिची कथा नार्सिससच्या कथेला जोडली. ती नार्सिससवर प्रेम करते, पण तिला स्वतःचं वाक्य बोलता येत नाही. समोरच्याचे शेवटचे शब्द तेवढे परत म्हणता येतात. होता होता तिचं शरीर झिजतं आणि उरतो फक्त आवाज. आत्मपूजक माणसाच्या शेजारी राहणाऱ्याचं काय होतं, हे आम्हाला तरी याहून नेमकं कुठे सांगितलेलं दिसत नाही. त्याला हवं असतं कौतुक, लक्ष, प्रतिसाद. तो प्रतिसाद पुरवता पुरवता दुसऱ्याचा जीव आटतो.

आता एक पथ्य. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला आपण रोगी ठरवणार नाही. तो अधिकार इतिहासाच्या अभ्यासकाला नाही. शिवाय आपले मुख्य साक्षीदार, टॅसिटस आणि स्वेटोनियस, नीरोच्या मृत्यूनंतर काही दशकांनी लिहीत होते, आणि ज्या वरच्या वर्गाला नीरोने छळलं त्याच वर्गाच्या नजरेतून लिहीत होते. तेव्हा तिखटमीठ धरूनच चालायचं. पण आपला प्रश्न मनाच्या आतला नाहीच. बाहेर, माणसांमध्ये काय यंत्रणा उभी राहिली, एवढंच आपण बघतोय.

सुरुवात घरापासून करू. नीरोचा जन्म 37 चा. दोन वर्षांत आई ॲग्रिपिना हद्दपार झाली, तीन वर्षांचा असताना वडील गेले. पोर आत्याकडे वाढलं. आई परत आली, तिने सम्राट क्लॉडियसशी लग्न केलं आणि मुलाला गादीपर्यंत नेलं. 54 मध्ये तो सम्राट झाला तेव्हा त्याला सतरावं वर्षही पुरं झालं नव्हतं. पहिल्या दिवशी पहारेकऱ्यांना त्याने जो परवलीचा शब्द दिला त्याचा अर्थ होता 'सर्वोत्तम माता'. नाण्यांवर आई आणि मुलगा समोरासमोर. पाच वर्षांनी, 59 मध्ये, त्याच आईचा त्याने खून करवला. मुलगा हे आईच्या सत्तेचं साधन होतं आणि आई मुलाच्या गादीचं. उपयोग संपला, उलट अडथळा झाला, की नातंही संपलं.

त्याच वर्षी नीरोने पहिली दाढी काढल्याचा सोहळा म्हणून युवा-उत्सव भरवला आणि निवडक लोकांसमोर स्वतः गायला उभा राहिला. रोममध्ये नट-गायकाचा धंदा हलका मानला जाई. सम्राटाने रंगमंचावर जाणं म्हणजे मोठी नामुष्की. तिथे बुरस होता, सम्राटाच्या अंगरक्षक दलाचा प्रमुख, जुना सैनिक, मानी माणूस. टॅसिटस सांगतो की तो मनात दुःख करत होता आणि तोंडाने वाहवा करत होता. हा माणूस ध्यानात ठेवा. तो मूर्ख नव्हता, लाळघोट्याही नव्हता. एवढ्यातेवढ्याने पोराचं समाधान होत असेल तर होऊ द्या, राज्य तरी नीट चालेल, असा हिशोब त्याने केला असावा. आपल्यातही असे हिशोब करणारे खूप असतात.

पण समाधान झालं का? नाही. इथेच या भुकेचा स्वभाव कळतो. भीतीपोटी मिळालेली दाद खरी की खोटी, हे घेणाऱ्यालाही कळत नाही. शंका राहतेच. मग ती शंका बुजवायला आणखी दाद लागते, आणखी माणसं लागतात.

त्यातून ऑगुस्टियानी नावाचं पथक उभं राहिलं. सुरुवातीला उमराव घराण्यांतले तरुण. मग नेपल्सला आलेल्या अलेक्झांड्रियाच्या लोकांची तालबद्ध टाळी नीरोला आवडली. स्वेटोनियस म्हणतो की त्याने सामान्य लोकांतून पाच हजारांहून अधिक धट्टेकट्टे तरुण निवडले आणि त्यांना टाळ्यांचं शिक्षण दिलं. टाळ्यांचे प्रकार होते, त्यांना नावं होती: मधमाश्यांचा गुंजारव, कौलं, खापरं. पोकळ तळव्याची टाळी वेगळी, सपाट तळव्याची वेगळी, असा त्याचा अर्थ लावतात. पथकाच्या म्होरक्यांना चार लाख सेस्टर्स मिळत. त्या काळी साध्या सैनिकाचा वर्षाचा पगार होता 900 सेस्टर्स. म्हणजे सैनिकाची चारशेहून अधिक वर्षांची कमाई, टाळ्या वाजवून. आपल्याकडे दरबारी भाट होते, खुशमस्करे होते. पण टाळ्यांची अशी कवायती फौज विरळाच. पुराणातली एको इथे पगारी नोकर झाली.

नीरोची मेहनत खोटी नव्हती, हेही सांगायला हवं. आवाजासाठी तो छातीवर शिशाचा पत्रा ठेवून उताणा झोपे, पथ्यं पाळी. स्पर्धेत उतरला की परीक्षकांसमोर खरोखर घाबरे. 64 मध्ये नेपल्सला जाहीर कार्यक्रमात भूकंपाने नाट्यगृह हादरलं तरी त्याने गाणं पुरं केलं, असं स्वेटोनियस लिहितो. म्हणजे कलेचं वेड होतं. बिघाड वेगळ्या जागी होता: 'नाही' म्हणू शकेल असा श्रोताच त्याने शिल्लक ठेवला नाही.

65 मध्ये तो रोममध्ये सर्वांसमोर गायला. टॅसिटसने प्रेक्षकांचं जे वर्णन केलंय ते वाचवत नाही. दूरच्या गावांतून आलेल्या लोकांना टाळ्यांचा तो ताल जमेना, हात दुखून यायचे. त्यांच्यामुळे शिकलेल्यांचा ताल चुके, आणि मग रांगांमध्ये उभे असलेले सैनिक त्यांना मारत. अरुंद वाटांतल्या गर्दीत काही उमराव चेंगरून मेले. काही जण रात्रंदिवस बसून आजारी पडले. कारण न येणं जास्त धोक्याचं होतं. कोण आलं, कुणाचा चेहरा उतरलाय, हे टिपायला हेर बसवलेले. स्वेटोनियस तर सांगतो की नीरो गात असताना बाहेर पडायला बंदी असे. काही बायका आतच बाळंत झाल्या, काही पुरुष मेल्याचं सोंग घेऊन तिरडीवरून बाहेर पडले. यात अतिशयोक्ती असेल. पण लोकांना बसून राहणं कसं वाटत होतं, ते या अतिशयोक्तीतून बरोबर कळतं. पुढे सम्राट झालेला व्हेस्पेसियन एका कार्यक्रमात पेंगला, तेवढ्यावरून त्याच्यावर मर्जी खप्पा झाली.

आणि जो टाळीच वाजवत नाही त्याचं काय? थ्रासिया पीटस नावाचा एक सिनेटर होता. त्याने बंड केलं नाही, कट केला नाही. आईच्या खुनाचं समर्थन करणारं नीरोचं पत्र सिनेटमध्ये वाचलं गेलं, सगळे अभिनंदनाचे ठराव मांडू लागले, तेव्हा तो उठून बाहेर गेला. युवा-उत्सवात त्याने उत्साह दाखवला नाही. पुढे तर तीन वर्षं सिनेटमध्ये फिरकलाच नाही. 66 मध्ये त्याच्यावर आरोप ठेवले गेले, आणि त्यांत एक असा होता की याने सम्राटाच्या दैवी आवाजासाठी कधी देवाला नैवेद्य दाखवला नाही. शिक्षा मृत्यूची. बघा, शत्रू चालतो. शत्रूचंही लक्ष आपल्याकडेच असतं. गप्प बसणारा चालत नाही.

दूर जाऊ बघणाऱ्याचंही तेच. गुरू सेनेकाने 62 मध्ये निवृत्ती मागितली, मिळालेली सगळी संपत्ती परत घ्या म्हणाला. नीरोने त्याला मिठी मारली, मुके घेतले आणि नकार दिला. तीन वर्षांनी त्याच गुरूला मरण्याचा हुकूम गेला.

66 मध्ये नीरो ग्रीसला गेला. वेगवेगळ्या वर्षी भरणाऱ्या स्पर्धा त्याच्या सोयीने एकत्र आणल्या गेल्या. ऑलिम्पियाला दहा घोड्यांच्या रथातून तो पडला, शर्यत पुरी केली नाही, तरी मुकुट त्यालाच. एकूण 1808 मुकुट मिळाले, अशी कॅशियस डिओच्या इतिहासातली नोंद आहे. तरीही जुन्या विजेत्यांचे पुतळे त्याने पाडायला लावले. 1808 मुकुट मिळूनही मेलेल्या माणसाची स्पर्धा वाटते, म्हणजे भूक भागली नव्हती. याच दौऱ्यात त्याने कॉर्ब्युलोला, साम्राज्याच्या सर्वांत कर्तबगार सेनापतीला, आत्महत्या करायला लावली.

68 च्या वसंतात गॉलमध्ये व्हिंडेक्सने बंड केलं. त्याच्या जाहीरनाम्यातल्या कुठल्याही आरोपापेक्षा नीरोला जास्त झोंबलं ते एकच: हा किथारा वाईट वाजवतो. जूनमध्ये एका मध्यरात्री त्याला जाग आली तर पहारेकरी निघून गेले होते. तो महालात मित्रांच्या खोल्यांची दारं ठोठावत फिरला. एकही दार उघडलं नाही. परत येतो तर नोकरांनी अंथरूणसुद्धा पळवलेलं. पाच हजार टाळ्या वाजवणारे होते, त्यांतला एक हात त्या रात्री हाताशी नव्हता. 9 जूनला, तिसाव्या वर्षी, त्याने एका सेवकाच्या मदतीने स्वतःचा गळा चिरून घेतला.

मग तो कुणालाच आवडत नव्हता का? असंही नाही. पुढे बरीच वर्षं लोक त्याच्या कबरीवर फुलं वाहत होते, 'मीच नीरो' म्हणणारे तोतये उभे राहिले आणि त्यांना अनुयायी मिळाले. लांबून बघणाऱ्यांना त्याने खेळ दिले, थाट दिला. किंमत मोजली ती जवळ असलेल्यांनी. हे आजही तसंच दिसतं. बाहेर ज्याची वाहवा होते, त्याच्या घरातली माणसं थकलेली असतात, आणि त्यांनी सांगितलं तर कुणाला पटत नाही. गाव म्हणतं, 'इतका चांगला माणूस!'

म्हणून नीरोच्या प्रेक्षकांकडून आपण एक परीक्षा उचलू. समोरचा माणूस गोड बोलतो की कडू, मिठी मारतो की ओरडतो, यावर जाऊ नका. एवढंच बघा: त्याच्यासमोर आपल्याला एखाद्या दिवशी टाळी न वाजवता बसता येतं का? उठून घरी जाता येतं का? येत असेल तर तो फक्त कौतुकाचा हौशी आहे, आणि तसे आपण सगळेच थोडेफार असतो. येत नसेल, तर आपण त्या नाट्यगृहात बसलोय. तिथे आणखी जोरात टाळ्या वाजवून काही भागत नाही. बुरसने तेच करून पाहिलं होतं.

शेवटी एक नोंद. नीरोचं प्रेत कुणी पुरलं, हे स्वेटोनियसने नावांनिशी लिहून ठेवलंय. एक्लोगे आणि अलेक्झांड्रिया, लहानपणी त्याला सांभाळणाऱ्या दोन दाया. आणि ॲक्टे, एकेकाळी गुलाम असलेली त्याची जुनी प्रेयसी. तिघींनी त्याला त्याच्या वडिलांच्या घराण्याच्या कबरीत ठेवलं. त्यांना त्यातून मिळण्यासारखं आता काहीच उरलं नव्हतं.