सुवर्णपदक आणि चित्रपटाचें मोठेपण

एखाद्या चित्रपटास पारितोषिक मिळालें म्हणजे तो मोठा ठरलाच, अशी समजूत पुष्कळ सुशिक्षित घरांतून आढळते. पारितोषिकें सारीं वशिल्याचीं, तीं मिळालीं काय आणि न मिळालीं काय सारखेंच, असें ठासून सांगणारेही तितकेच आढळतात. हीं दोन मतें परस्परविरुद्ध दिसतात खरीं. परंतु दोहोंत एक सोय समान आहे. त्यांतील कोणतेंही एक पत्करिलें कीं चित्रपट स्वतः पाहून, तोलून, आपलें मत बनविण्याचे श्रम वांचतात. ते श्रम एकदां करून पाहावे, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

निमित्त घरगुतीच आहे. आमचें कोडोली हें पन्हाळा तालुक्यांतील, वारणेच्या खोऱ्यांतलें गांव. भोंवतीं उंसाचे मळे आणि जवळच जोतिबाचा डोंगर. गेल्या पावसाळ्यांत घराबाहेर पडण्याची सोय नव्हती, तेव्हां सन्मान पावलेले चार मराठी चित्रपट चार रविवारीं घरींच पाहावे, असें आम्हीं ठरविलें : ‘संत तुकाराम’, ‘श्यामची आई’, ‘श्वास’ आणि ‘कोर्ट’. चौथ्या रविवारीं रात्रीं जेवणें आटोपल्यावर ह्यांत मोठा कोणता असा प्रश्न निघाला आणि घरांत दोन तट पडले. आजीबाईंचें म्हणणें, ज्यानें डोळ्यांत पाणी आणलें तो मोठा. कॉलेजांत जाणारा नातू म्हणाला, “आजी, रडूं न देतां ज्यानें विचार करावयास लावलें, तो मोठा.” दोघेंही आपलें म्हणणें सोडीनात. आम्हांस दोन्ही कसोट्या अपुऱ्या वाटल्या. कारण प्रेक्षकास रडविणें जसें कसबानें साधतें, तसेंच त्यास रडूं न देणें हेंही कसबानें साधतें.

ह्या वादाचा निकाल लावावयाचा तर थोडें मागें गेलें पाहिजे. आणि मराठी चित्रपटाच्या बाबतींत मागें जाणें म्हणजे बव्हंशीं कोल्हापुरास जाणें होय. कोल्हापूरचे बाबुराव पेंटर ह्यांनीं १९१८ च्या सुमारास स्वतः कॅमेरा सिद्ध करून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली. त्यांचा ‘सैरंध्री’ १९२० सालीं पुण्यास लागला आणि लोकमान्य टिळकांनीं त्यांचा गौरव केला. पुढें १९२४ सालीं लंडननजीक वेंब्ली येथें भरलेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या प्रदर्शनांत त्यांच्या ‘कल्याण खजिना’ ह्या मूकपटास पदक मिळालें. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेस शिवाजीमहाराजांनीं सन्मानानें परत पाठविलें, ही सर्वपरिचित कथा त्यांत होती. कोल्हापुरांत घडलेल्या चित्राचें परदेशांत कौतुक व्हावें, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती.

परंतु मराठी चित्रपटाचा इतिहास लिहिणारे आज पेंटरांच्या ज्या कृतीपाशीं सर्वांत अधिक थांबतात ती ही नव्हे. ती ‘सावकारी पाश’. नारायण हरि आपटे ह्यांच्या कथेवरून घेतलेल्या ह्या १९२५ सालच्या मूकपटांत सावकाराच्या कपटानें जमीन गमावलेला शेतकरी शहरांत जाऊन गिरणीचा मजूर होतो. शेतकऱ्याचें काम तरुण शांताराम वणकुद्रे, म्हणजे पुढील काळांतील व्ही. शांताराम, ह्यांनीं केलें होतें. देवादिकांच्या व वीरपुरुषांच्या कथा पाहण्यास सरावलेल्या प्रेक्षकांनीं ह्या चित्राकडे पाठ फिरविली. अंधाऱ्या रात्रीं एकाकी झोंपडें आणि त्यापुढें विव्हळणारें कुत्रें, हें त्यांतील दृश्य मात्र पाहणारे विसरले नाहींत. मूळ मूकपट आज पाहावयास मिळत नाहीं. त्याची कीर्ति ज्यांनीं तो पाहिला त्यांच्या स्मृतीवरच उभी आहे. पदक एकास मिळालें, आठवण दुसऱ्याची राहिली. ह्यावरून पदक देणारे चुकले असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. परीक्षक समोर मांडलेल्या वस्तूचें कसब जोखूं शकतात. त्या वस्तूच्या पोटीं पुढें काय जन्मास येणार आहे, तें त्यांस दिसत नाहीं.

पेंटरांच्या ह्याच शाळेंतून विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल बाहेर पडले. त्यांनीं शांताराम, केशवराव धायबर व सीतारामपंत कुलकर्णी ह्यांच्यासह १९२९ सालीं कोल्हापुरांत प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ सालीं ती पुण्यास गेली. दामले-फत्तेलाल ह्या जोडीचा ‘संत तुकाराम’ १९३६ च्या डिसेंबरांत मुंबईस लागला व एकाच चित्रगृहांत वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला.

ह्या चित्रांत चमत्कार पुष्कळ आहेत. शेवटीं तुकाराम गरुडाच्या विमानांतून वैकुंठास जातात, ती योजना त्या काळच्या साधनांच्या मानानें विस्मयकारक आहे. शांताराम आठवले ह्यांनीं लिहिलेलें एक पद तर इतकें एकजीव झालें आहे कीं अनेकांनीं तें तुकोबांचाच अभंग समजून घेतलें. विष्णुपंत पागनीस ह्यांच्या मुद्रेवरील शांति अभिनयाची वाटतच नाहीं. तथापि घरांतील सर्व माणसें निःस्तब्ध झालीं तीं ह्यांपैकीं कशानेंही नव्हे. मूल आजारी, घरांत दाणा नाहीं, नवरा भजनांत. अशा स्थितींत जिजाई पोराला ओढीत देवळांत नेते आणि प्रत्यक्ष पांडुरंगावर वहाण उगारते. गौरी ह्या नटीनें रंगविलेली ही जिजाई देवाची निंदक नाहीं. तिच्यापुढें चूल आहे, पोरें आहेत, म्हैस आहे. भक्तीचा महिमा गाण्यासाठीं काढलेल्या चित्रपटांत भक्तीला सवड नसलेल्या बाईची बाजू इतक्या जोरानें मांडलेली आहे कीं, क्षणभर तिचेंच खरें वाटावें! आणि तिचें खरें वाटल्यामुळें तुकोबांचें खरेपण उणें होत नाहीं. उलट तें किती महाग पडत होतें हें कळून तें वाढतें.

येथें आम्हांस कसोटी सांपडली असें वाटतें. जो चित्रपट आपल्या प्रतिपक्षास न्याय देतो, तो मोठा. कोणी म्हणेल कीं, ह्याच चित्रांतील सालोमालोस कोठें न्याय मिळाला आहे? तो तर केवळ हंसण्याचा विषय आहे. आक्षेप खरा आहे आणि चित्रपटाचें तें उणेंही आहे. पण तुकोबांचा खरा प्रतिपक्ष सालोमालो नव्हे, जिजाई आहे. आणि तिच्या बाबतींत दामले-फत्तेलालांनीं कुचराई केली नाहीं.

ही कसोटी आतां दुसरीकडे लावून पाहूं. राष्ट्रपतींचीं चित्रपटपदकें प्रथमच १९५४ सालीं दिलीं गेलीं, तेव्हां १९५३ च्या चित्रपटांतून सर्वोत्कृष्ट म्हणून सुवर्णपदक मिळालें तें साने गुरुजींच्या कथेवरून आचार्य अत्रे ह्यांनीं काढलेल्या ‘श्यामची आई’स. त्याच स्पर्धेंत बिमल रॉय ह्यांच्या ‘दो बिघा जमीन’ला गुणवत्तेचें प्रशस्तिपत्र मिळालें, आणि त्याच वर्षीं फ्रान्समधील कान येथें त्यास आंतरराष्ट्रीय पारितोषिक लाभलें. दिल्लीच्या परीक्षकांस आई थोर वाटली, कानच्या परीक्षकांस शेतकरी. गंमत अशी कीं, जमीन वांचविण्यासाठीं कलकत्त्यास जाऊन रिक्षा ओढणारा हा शेतकरी पेंटरांच्या शेतकऱ्याचाच धाकटा भाऊ शोभतो.

‘दो बिघा जमीन’मधील जमीनदार पहिल्यापासून शेवटपर्यंत दुष्टच आहे; त्याच्या बाजूनें विचार करण्याचा प्रसंग प्रेक्षकावर येत नाहीं. चित्रपटाचें बळ दुसरीकडे आहे. बापाचा मुलगा, गाडीवानाची ईर्ष्या, आणि अखेरीस आपल्याच मातींतील मूठभर माती उचलण्यासही झालेली मनाई, हीं दृश्यें विसरतां येत नाहींत. ‘श्यामची आई’ची गोष्ट निराळी. तेथें आई नेहमींच बरोबर आहे, आणि म्हणून उपदेशाचा भार कधीं कधीं जाणवतो. पण पोहण्यास भिणाऱ्या श्यामला ती मारून विहिरीवर पाठविते, त्या प्रसंगीं पोराची भीति खोटी ठरविलेली नाहीं. आणि मारल्याचें दुःख आईच्याही मनांत राहतें. वनमालाबाईंनीं तें न बोलतां दाखविलें आहे. ह्या दोहोंत आम्ही कोणास वर बसवूं? कसोटीस धरून बोलावयाचें तर ‘श्यामची आई’ घरांतील द्वंद्वांत अधिक न्यायी आहे, ‘दो बिघा जमीन’ जगाच्या चित्रणांत अधिक विशाल आहे. दोन्ही परीक्षकमंडळें आपापल्या परीनें बरोबर होतीं.

त्यानंतर मराठी चित्रपटास सर्वोत्कृष्टाचें सुवर्णपदक पुन्हां मिळण्यास अर्धें शतक लागलें. तें २००४ सालीं संदीप सावंत ह्यांच्या ‘श्वास’ला मिळालें, आणि त्याच वर्षीं भारतातर्फें तो ऑस्करसाठींही पाठविण्यांत आला. कोंकणांतील आजोबा नातवाला शहरांत आणतात. डोळ्यांत कर्करोग, जीव वांचवावयाचा तर दृष्टि जाणार. शस्त्रक्रियेपूर्वीं आजोबा पोराला घेऊन रुग्णालयांतून नाहींसे होतात, जग त्याला एकदां डोळे भरून दाखविण्यासाठीं. डॉक्टर संतापतात. ह्या संतापांत डॉक्टर चुकीचे नाहींत आणि जाण्यांत आजोबाही चुकीचे नाहींत. खलपुरुष एकही नाहीं. आहे ती फक्त परिस्थिति. कथा इतकी लहान असूनही ती मनांत घर करते, त्याचें कारण हेंच.

२०१४ सालीं व्हेनिस येथें ‘ओरिझ्झोंती’ विभागांतील उत्कृष्ट चित्रपटाचा मान चैतन्य ताम्हाणे ह्यांच्या ‘कोर्ट’ला मिळाला, आणि २०१५ सालीं राष्ट्रीय सुवर्णपदकही. ‘संत तुकारामा’च्या गौरवानंतर सत्याहत्तर वर्षांनीं त्याच नगरांत! गटार साफ करणारा एक कामगार मेला, त्यास आत्महत्येस प्रवृत्त करणारें गाणें गाइलें, असा वृद्ध लोकशाहिरावर आरोप आहे. असल्या कथेंत सरकारी वकीलबाईस राक्षसीण करणें किती सोपें होतें! त्याऐवजीं दिग्दर्शक तिच्यामागून तिच्या घरीं जातो. ती मुलाला घेऊन येते, स्वयंपाक करते, कुटुंबासह नाटकास जाते. ती आपल्यापैकींच एक आहे हें पाहून प्रेक्षकाची मान खालीं जाते. कारण मग अन्याय कोणी परका करीत नसून आपल्यासारखींच माणसें सवयीनें करीत आहेत, हें उघड होतें. नातवाची कसोटी येथें लागू पडते खरी, पण रडूं न देणें हें ह्या चित्राचें साधन आहे. मोठेपण न्यायबुद्धींत आहे.

पदकांचा उपयोग मग काय? जगांतही हाच अनुभव आहे. ऑर्सन वेल्स ह्यांचा ‘सिटिझन केन’ १९४१ सालचा; ऑस्करसाठीं नऊ नामनिर्देश होऊन त्यास पारितोषिक मिळालें तें एकच, पटकथेचें. तरी पुढील अनेक दशकें जाणते समीक्षक त्यास श्रेष्ठ मानीत आले. पदक हा निकाल नव्हे, ती शिफारस होय. ह्या शिफारशी नसत्या तर कोडोलीसारख्या गांवीं बसून आम्हीं ‘कोर्ट’ पाहिलाही नसता. शिफारस मानावी, आणि निकाल मात्र आपण द्यावा.

आमचा निकाल असा : चौघांत ‘संत तुकाराम’ पहिला, त्याच्या जवळच ‘कोर्ट’, मग ‘श्वास’, मग ‘श्यामची आई’. हा क्रम नातवास मान्य नाहीं आणि आजीबाईंस तर मुळींच नाहीं. त्यांच्या मतें श्यामच्या आईस चौथ्या पाटावर बसविणें हा उद्धटपणा आहे. त्या जन्मभर एकादशी करीत आलेल्या आहेत. परंतु झोंपावयास जातांना, कोणी न विचारतां, त्या इतकें बोलल्या, “त्या जिजाईचेंही कांहीं खोटें नव्हतें हो.” विठ्ठलावर वहाण उगारणाऱ्या बाईविषयीं हे शब्द त्यांच्या तोंडून निघाले, ह्याहून अधिक पुरावा आमच्या मताच्या बाजूनें आम्हांस मिळालेला नाहीं.