आकाशातला पार

खेड्यात पत्ता विचारला, की उत्तर येते : पारापासून उगवतीला चौथे घर. पार सर्वांच्या ओळखीचा, म्हणून पत्ता चुकत नाही. व्हिएतनाम युद्धाचा इतिहास वाचताना मला असाच एक पार आकाशात भेटला.

अमेरिकी वैमानिकांनी तो शत्रूच्या राजधानीतच, हनोईत, मानला होता. त्याचे सांकेतिक नाव ‘बुल्सआय’, म्हणजे नेमबाजीतल्या लक्ष्याचा मध्य. १९७२ साली टोंकिनच्या आखातातून ‘रेड क्राउन’ ही युद्धनौका रडारवर मिग विमाने हेरी आणि ती बुल्सआयपासून कोणत्या दिशेला, किती मैलांवर आहेत, हे कळवी. एकच निरोप, पण तो सर्व तुकड्यांच्या उपयोगी पडे.

मात्र पुढचे गणित ज्याचे त्याने करायचे. मिग हनोईच्या पश्चिमेस २० मैल आणि आपण दक्षिणेस २० मैल; म्हणजे ते आपल्या वायव्येस सुमारे २८ मैलांवर! ताशी ५०० मैलांनी समोरासमोर येणारी दोन विमाने एवढे अंतर पावणेदोन मिनिटांत तोडतात. म्हणून गाठ जवळ आली, की रेड क्राउन त्या तुकडीला तिच्यापासूनचीच दिशा व अंतर सांगे.

वैमानिकांच्या हिशेबी हनोई हा एक बिंदू होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तेथल्या बाख माई इस्पितळावर बॉम्ब पडले, डॉक्टर आणि परिचारिका मेल्या. पार म्हटला की त्याच्याभोवती माणसांची वस्ती असायचीच.