चारकोपचा सेक्टर : एका शब्दाचा माग

चारकोपचा पत्ता म्हणजे वेगवेगळ्या काळांतले कागद एकावर एक रचून झालेला दस्तऐवज आहे. प्लॉट क्रमांक, 'आरएससी' किंवा 'आरडीपी' ही अक्षरे, सोसायटीचे नाव, सेक्टर, चारकोप, कांदिवली (पश्चिम), मुंबई 400067. शेवटचे सहा आकडे 15 ऑगस्ट 1972 पासूनच्या पिन कोडचे. ही पद्धत आखली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने, जे संस्कृत कवी आणि नाटककारही होते. 'मुंबई' हे इंग्रजीतही अधिकृत झाले 1995 साली. 'कांदिवली' रेल्वेच्या नकाशावर आली ती 1907 मध्ये स्टेशन झाल्यावर. 'चारकोप' हे बोरिवली तालुक्यातले महसुली गाव असून ते 1957 च्या विस्तारात बृहन्मुंबईत आले. पत्त्यातल्या एवढ्या थरांचे वय सांगता येते. मधला 'सेक्टर' मात्र सहज हाती लागत नाही, आणि चारकोपचा माणूस नेमका तोच शब्द दिवसातून अनेकदा उच्चारतो. "कुठल्या सेक्टरला राहता?" याला उत्तर म्हणून एक ते नऊमधला एक आकडा पुरतो.

दहावीच्या गणिताच्या पुस्तकात महत्त्वमापनाच्या प्रकरणात हाच इंग्रजी शब्द 'वर्तुळपाकळी' या नावाने भेटतो. दोन त्रिज्या आणि त्यांच्यामधला कंस यांनी बंदिस्त झालेला भाग म्हणजे वर्तुळपाकळी. चारकोपचा नकाशा पसरून पाहिला तर नऊपैकी एकही तुकडा पाकळीसारखा नाही. सरळ रस्ते, त्यांच्यामधले चौकोनी-आयताकृती भाग आणि आत लहान लहान चौकांभोवती उभी घरे. मग पाकळीचे नाव आयताला कसे मिळाले? आणि ते चारकोपपर्यंत कोणत्या वाटेने आले?

पहिले साधन सर्वांत जुने आणि सर्वांत भक्कम आहे. युक्लिडच्या 'मूलतत्त्वां'च्या तिसऱ्या पुस्तकात दहावी व्याख्या या आकृतीची आहे. ग्रीक शब्द 'टोमेउस', म्हणजे कापणारा. चांभाराच्या रापीच्या आकारावरून हे नाव पडले असावे, असे जुने भाष्यकार सांगतात. लॅटिनमध्ये त्याचे शब्दशः भाषांतर 'सेक्टर' झाले. गंमत अशी की रोमन कायद्यात 'सेक्टर' हा आधीपासून एक माणूस होता : जप्त मालमत्ता लिलावात एकगठ्ठा घेऊन तुकड्यांनी विकणारा. सिसेरोने आपल्या तरुणपणीच्या एका गाजलेल्या खटल्यातील भाषणात या शब्दाच्या दोन अर्थांवर कठोर कोटी केली आहे. इंग्रजीत हा शब्द भूमितीच्या अर्थाने येतो तो 1570 साली, हेन्री बिलिंग्स्ली यांच्या युक्लिडच्या पहिल्या इंग्रजी भाषांतरात. बिलिंग्स्ली पेशाने व्यापारी होते आणि पुढे लंडनचे महापौर झाले. इथवर पुरावा छापील आहे, संशयाला जागा नाही.

त्यानंतर अर्थ फुटू लागतात. 1598 मध्ये टॉमस हूड यांनी 'सेक्टर' नावाच्या उपकरणावर पुस्तक छापले. बिजागरीने जोडलेल्या दोन पट्ट्या, त्यांवर मोजपट्ट्या कोरलेल्या. गुणोत्तरे काढायला, तोफेचा कोन ठरवायला उपयोगी. त्याच सुमारास गॅलिलिओनेही असेच उपकरण बनवले आणि 1606 मध्ये त्याची माहितीपुस्तिका पादुआत छापली. इथे शब्द आकृतीवरून वस्तूवर गेला, पण आकार सुटला नाही. दोन पट्ट्या उघडल्या की त्यांच्यामध्ये पाकळीच तयार होते.

याच कुळातले एक मोठे उपकरण महाराष्ट्राच्या भूमीवर आले होते, आणि माझ्या मते या शब्दाच्या आपल्याकडच्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा टप्पा आहे. विल्यम लॅम्बटन यांनी 1802 मध्ये मद्रासजवळून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले, तेव्हा त्यांच्या सामानात जेसी रॅम्सडेन यांनी बनवलेला 'झेनिथ सेक्टर' होता. डोक्यावरून जाणारा तारा खस्वस्तिकापासून किती अंश दूर आहे हे मोजून जागेचे अक्षांश काढायचे, हे त्याचे काम. पूर्ण वर्तुळाची गरज नसे. डोक्यावरच्या आकाशातले थोडेसे अंश पुरत, म्हणून वर्तुळाचा तेवढाच तुकडा. लॅम्बटन यांचे 20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाट येथे निधन झाले आणि तिथेच त्यांची कबर आहे. त्यांच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्ट यांनी काम उचलले. त्यांचा 1830 सालचा ग्रंथ 18 अंश 3 मिनिटे ते 24 अंश 7 मिनिटे उत्तर या पट्ट्याच्या मोजणीचा आहे, आणि वऱ्हाडातले टाकरखेडा हे त्यातले एक वेधस्थान. म्हणजे चंदीगडचे सेक्टर आखले जाण्याच्या सव्वाशे वर्षे आधी 'सेक्टर' नावाची वस्तू वऱ्हाडातल्या एका खेड्यात आकाशाकडे रोखलेली होती. या उपकरणाचा चारकोपच्या पत्त्याशी थेट संबंध नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण जमीन मोजणाऱ्यांच्या भाषेत हा शब्द आपल्याकडे किती जुना आहे, हे यातून कळते.

आकृती आणि उपकरण सोडून शब्द जमिनीवर उतरला तो युद्धात. प्रचलित समजूत अशी की पहिल्या महायुद्धात, 1916 च्या सुमारास, आघाडीच्या एका भागाला इंग्रजीत 'सेक्टर' म्हणू लागले. मुख्यालय केंद्रस्थानी धरून त्याभोवतीच्या वर्तुळाचे भाग पाडले म्हणून. इंग्रजीपुरते हे ठीक आहे. पण फ्रेंच कागद त्याहून जुने आहेत. 1870 मध्ये प्रशियन फौजा पॅरिसवर चालून आल्या, तेव्हा शहराभोवतीच्या तटबंदीचे संरक्षणासाठी नऊ 'सेक्तर' केले होते. तटबंदी शहराला वेढणारी, म्हणून तिचे भाग खरोखरच पाकळ्यांचे. पुढे 1889 च्या सुमारास पॅरिसमध्ये वीजपुरवठ्याचे परवाने वेगवेगळ्या कंपन्यांना दिले गेले, तेव्हा प्रत्येकीच्या हद्दीलाही हाच शब्द लागला. त्या हद्दींना पाकळीचा आकार असण्याचे कारण उरले नव्हते. वर्तुळ शब्दाच्या हातून सुटले ते बहुधा इथे, असे माझे मत आहे.

शब्दाच्या इतर फांद्यांकडे नुसती नजर टाकून पुढे जाऊ. 1956 च्या औद्योगिक धोरणाने 17 उद्योग सरकारकडे राखले आणि 'पब्लिक सेक्टर' वर्तमानपत्रांत घरोघर पोचला. बँकांचे अग्रक्रम क्षेत्र, विमानाच्या तिकिटावरचा मुंबई-नागपूर सेक्टर, संगणकाच्या चकतीवरचा सेक्टर, 1999 च्या उन्हाळ्यात रोज वाचलेले द्रास आणि बटालिक सेक्टर. या सगळ्यांचा उगम एक, पण चारकोपच्या वाटेवर यांतले कोणी उभे नाही.

नगररचनेत मात्र एक लक्षणीय थांबा आहे. 1939 मध्ये अमेरिकेत होमर हॉइट यांनी शहराच्या वाढीचा 'सेक्टर सिद्धान्त' मांडला : मध्यवर्ती बाजारातून निघणाऱ्या मोठ्या रस्त्यांच्या दिशेने श्रीमंतांची, कामगारांची, कारखान्यांची वस्ती पाचरीसारखी पसरत जाते. हॉइट यांचा सेक्टर युक्लिडशी प्रामाणिक होता. म्हणजे नगररचनाकारांच्या हाती पाकळीच्या आकाराचा सेक्टर आयता होता.

तरीही चंदीगडमध्ये घडले ते उलटे. पहिला आराखडा अमेरिकन नगररचनाकार अल्बर्ट मेयर यांचा, पंख्यासारखा पसरलेला. त्यातल्या वस्तीच्या भागांना नाव होते 'सुपरब्लॉक'. त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी 1950 मध्ये विमान अपघातात गेले आणि 1951 मध्ये काम ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे आले. त्यांनी पंखा सरळ करून काटकोनी जाळी आखली आणि 800 बाय 1200 मीटरच्या आयतांना 'सेक्टर' म्हटले. आराखडा पंख्याचा होता तेव्हा शब्द वेगळा होता. आयत आले आणि त्यांच्याबरोबर वर्तुळाचा शब्द आला. ल कॉर्ब्युझिए पॅरिसमध्ये राहून काम करणारे, फ्रेंचमध्ये विचार करणारे. त्यांच्या कानात 'सेक्तर' म्हणजे लष्कराचा किंवा विजेचा विभाग, एवढाच अर्थ असावा. हे अनुमान आहे, पण फ्रेंच वापराच्या तारखा त्याला बळ देतात.

चंदीगडहून पश्चिमेकडे येणारी एक वाट माणसाच्या नावानिशी दाखवता येते. 1 मे 1960 रोजी मुंबई राज्य विभागले गेले आणि गुजरातला नवी राजधानी हवी झाली. गांधीनगरची आखणी केली एच. के. मेवाडा यांनी, ज्यांनी चंदीगडला ल कॉर्ब्युझिए यांच्या हाताखाली काम केले होते. तिथेही जाळी, तिथेही क्रमांकांचे सेक्टर. आपल्याकडे सिडको स्थापन झाली मार्च 1970 मध्ये, आणि वाशीपासून पुढे नवी मुंबईच्या प्रत्येक उपनगराचे सेक्टर पडले. गांधीनगरच्या बाबतीत माणूस हाती लागतो; नवी मुंबईच्या बाबतीत काळ आणि साम्य एवढेच हाती आहे. म्हणून ही दुसरी कडी मी 'संभाव्य' याच सदरात ठेवतो.

आता चारकोप. इथले मुख्य साधन म्हणजे जागतिक बँकेने 1985 मध्ये मंजूर केलेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पाची कागदपत्रे. कर्ज 13 कोटी 80 लाख डॉलरचे. कल्पना नवी नव्हती. सुविधायुक्त भूखंडांचा बँकेचा पहिला प्रकल्प 1972 मध्ये सेनेगलमधल्या डाकारला झाला, भारतात 1977 पासून मद्रासने हा मार्ग धरला. सरकारने बांधलेले घर द्यायचे नाही. रस्ता, पाणी, मलनिस्सारण आणि लहान भूखंड द्यायचा, घर लोकांनी आपल्या ऐपतीप्रमाणे उभारायचे. चारकोपला खाडीकाठच्या सखल जमिनीवर म्हाडाने हे काम केले. अत्यल्प उत्पन्न गटासाठी 25 चौरस मीटरच्या आसपासचे भूखंड, मोठ्या रस्त्यांलगतचे मोठे भूखंड बाजारभावाने, आणि त्या पैशातून लहानांना आधार.

1994 मध्ये प्रकल्प संपला तेव्हा त्याला अपयशाकडे झुकलेला मानण्यात आले : उशीर झाला, भूखंड मूळ लाभार्थींकडून इतरांकडे गेले. पण 2018 मध्ये ओवेन्स, गुल्यानी आणि रिझवी या अभ्यासकांनी मुंबई आणि चेन्नईतल्या या वसाहती वीस वर्षांनी पुन्हा तपासल्या आणि तो निकाल फिरवावा लागेल असे दाखवले. चालत जाण्याजोगे अरुंद रस्ते, तळमजल्यावर दुकान आणि वर घर, वेगवेगळ्या उत्पन्नाची माणसे शेजारी. चारकोपमध्ये फिरणाऱ्याला हे पटते. मूल्यमापनाची घाई किती महाग पडू शकते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

शब्दाच्या मागासाठी या प्रकल्पाचे दोन तपशील महत्त्वाचे. पहिला : याच प्रकल्पात, म्हाडाच्याच हातून, बोरिवलीला गोराईची वसाहत झाली. पण तिथले लोक 'गोराई एक', 'गोराई दोन' म्हणतात. वर्सोव्याच्या सरदार वल्लभभाई पटेल नगरात 'आरएससी' आहे, पण चारकोपसारखी सेक्टरांची ओळख रुजलेली नाही. म्हणजे हा शब्द बँकेच्या अटीतून आलेला दिसत नाही. तसे असते तर तो सगळीकडे सारखा दिसला असता. दुसरा : प्रकल्पाचा एक भाग नवी मुंबईत सिडकोने राबवला. कोपरखैरणे, कळंबोली इथे आजही 'बीयूडीपी'ची, म्हणजे याच प्रकल्पाची, घरे म्हणून ती ओळखली जातात, आणि त्यांचे पत्ते सेक्टरांचे आहेत. म्हणजे म्हाडा आणि सिडको एकाच प्रकल्पात, एकाच कर्जाखाली, एकाच वेळी काम करत होत्या. शब्द वाशीच्या पुलावरून चारकोपला आला असे म्हणायला इतका परिस्थितिजन्य पुरावा मला पुरेसा वाटतो. सिद्ध मात्र म्हणवत नाही.

महसुली कागद यात साक्ष देत नाहीत, आणि त्यांचे मौन बोलके आहे. सातबारा सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर सांगतो, मिळकत पत्रिका नगर भूमापन क्रमांक सांगते. दोन्हींच्या दृष्टीने जमीन मौजे चारकोपची, तालुका बोरिवलीची. या मोजणीची परंपरा 1835 च्या सुमारास इंदापूरला गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी घालून दिलेली, आणि तिला सेक्टर लागत नाही. सेक्टर म्हाडाच्या अभिन्यासाच्या नकाशावर आणि लोकांच्या बोलण्यात राहतो.

या शब्दाच्या जुन्या बहुतेक रूपांत मध्ये काहीतरी असे : वर्तुळाचा मध्यबिंदू, उपकरणाची बिजागरी, सेनापतीचे ठाणे, हॉइट यांचा बाजार. चंदीगडने तो मध्य काढून घेतला आणि क्रमांक ठेवला. चारकोपचे नऊ सेक्टरही कशाभोवती फिरत नाहीत. माणसे आपापला मध्य ठरवतात, कोणाचा बाजार, कोणाचा गणपतीचा मंडप, कोणाचे गावठाण.

चारकोपच्या अनेक घरांत ऐंशीच्या दशकाच्या अखेरचे म्हाडाचे देकारपत्र आणि त्यानंतरचे सोसायटीचे भागप्रमाणपत्र अजून जपून ठेवलेले असते. निकाल लावायचा तर हे दोन कागद शेजारी ठेवून वाचावे लागतील. देकारपत्रावरच सेक्टर टंकलिखित असेल, तर शब्द आखणीकारांच्या मेजावरून आला आणि सिडकोची वाट बळकट झाली. तिथे नुसता प्लॉट आणि 'आरएससी' असून सेक्टर फक्त भागप्रमाणपत्रावर दिसला, तर तो मागाहून, वस्ती झाल्यावर, पत्ता सांगण्याच्या गरजेतून रुजला असे मानावे लागेल, आणि वर मांडलेली शेवटची कडी तोडावी लागेल. पत्र वाचताना तारीख आणि शिक्का आधी पाहावा, मजकूर नंतर.