सनदी लेखापाल : शैक्षणिक अर्हता

कंपन्या व अन्य संस्था यांचे हिशेब स्वतंत्रपणे तपासून त्यांवर अधिकृत अभिप्राय देण्याची पात्रता कायद्याने ज्यास लाभते, अशा व्यावसायिकास सनदी लेखापाल म्हणतात. ही पात्रता मिळण्यास केवळ विद्यापीठाची पदवी पुरेशी मानली जात नाही. लेखी परीक्षा आणि अनुभवी लेखापालाच्या हाताखालील उमेदवारी यांची सांगड हे या शिक्षणाचे मूलतत्त्व होय. त्यात प्रवेश कोणास मिळावा आणि पात्रता कोणी ठरवावी, या दोन प्रश्नांभोवती त्याचा भारतातील इतिहास घडला आहे.

या व्यवसायास ‘सनदी’ हे विशेषण स्कॉटलंडमधून मिळाले. एडिंबरो येथील लेखापालांच्या मंडळास १८५४ मध्ये राजसनद मिळाली, तेव्हापासून ही संज्ञा रूढ झाली. भारतात कीर्द, खतावणी व वह्या लिहिण्याची परंपरा जुनी असली, तरी ती विद्या पेढीवरच्या मुनिमांकडून अनुभवाने शिकावयाची असे; तिची परीक्षा किंवा प्रमाणपत्र नव्हते.

लेखापरीक्षकाची अर्हता प्रथम १९१३ च्या भारतीय कंपनी अधिनियमाने कायद्याच्या कक्षेत आली. प्रांतिक सरकारे प्रमाणपत्रे देऊ लागली. त्यांपैकी मर्यादित प्रमाणपत्राच्या धारकास ते देणाऱ्या प्रांतातच, तेही प्रमाणपत्रात नमूद केलेल्या भाषेतील हिशेबांपुरतेच, काम करता येई. त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालय सुरू झाले. पुढे १९१८ मध्ये मुंबईत ‘शासकीय लेखाविद्या पदविका’ हा अभ्यासक्रम निघाला. मान्यताप्राप्त लेखापालाकडे तीन वर्षांची उमेदवारी करून ही परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास अमर्याद प्रमाणपत्र मिळे व तो देशभर लेखापरीक्षण करू शके. येथील तरुणास विलायतेस न जाता या व्यवसायात शिरण्याचा मार्ग यामुळे मोकळा झाला. मर्यादित प्रमाणपत्रे देणे १९२० मध्ये बंद करण्यात आले.

लेखापालांची नोंदवही मध्यवर्ती सरकारने ठेवावी, असे १९३० मध्ये ठरले. नोंदवहीत नाव असणाऱ्यास ‘नोंदणीकृत लेखापाल’ म्हणत. सरकारला सल्ला देण्यासाठी भारतीय लेखाविद्या मंडळ स्थापन झाले. तथापि अंतिम अधिकार सरकारकडेच राहिला. याच काळात, १९३३ मध्ये, मद्रासच्या आर. शिवभोगम् या देशातील पहिल्या महिला लेखापाल ठरल्या.

स्वातंत्र्यानंतर सरकारने १९४८ मध्ये तज्ज्ञ समिती नेमली. त्यानंतर सनदी लेखापाल अधिनियम, १९४९ संमत होऊन १ जुलै १९४९ रोजी भारतीय सनदी लेखापाल संस्था अस्तित्वात आली. मुंबईचे जी. पी. कापडिया हे तिचे पहिले अध्यक्ष होत. आरंभी सभासद सु. १,७०० होते. या संस्थेस राजसनद नाही. तिचा आधार संसदीय कायदा आहे. परीक्षा घेणे, उमेदवारीचे नियम करणे आणि सभासदांवर शिस्तभंगाची कारवाई करणे, ही सर्व कामे व्यवसायाच्याच स्वायत्त संस्थेकडे आली, हे या कायद्याचे महत्त्व होय.

शिक्षणासाठी महाविद्यालये काढण्याऐवजी संस्थेने टपालाद्वारे पाठ पुरविण्याची पद्धत स्वीकारली. त्यामुळे लहान गावातील विद्यार्थ्यालाही अभ्यास घरी करता येऊ लागला. उमेदवारीची आर्थिक बाजूही पालटली. इंग्लंडमधील प्रथेनुसार शिकणाऱ्याने गुरुस्थानी असलेल्या लेखापालास अधिमूल्य द्यावयाचे असे. भारतातील १९८८ च्या विनियमांत अशा अधिमूल्यास मनाई असून उलट उमेदवारासच किमान विद्यावेतन देण्याचे बंधन आहे. त्याची रक्कम गावाची लोकसंख्या व उमेदवारीचे वर्ष यांनुसार ठरते.

प्रवेशपरीक्षेचे स्वरूप वारंवार बदलले. २००६ मध्ये बहुपर्यायी प्रश्नांची सामायिक प्रवीणता चाचणी आली. २०१७ मध्ये तिची जागा ‘फाउंडेशन’ परीक्षेने घेतली. १ जुलै २०२३ पासूनच्या योजनेनुसार बारावीनंतर फाउंडेशनच्या चार, इंटरमीजिएटच्या सहा व अंतिम परीक्षेच्या सहा प्रश्नपत्रिका द्याव्या लागतात. वाणिज्य पदवीधरास किमान ५५ टक्के व अन्य पदवीधरास ६० टक्के गुण असल्यास फाउंडेशनची सूट मिळते. प्रत्येक प्रश्नपत्रिकेत ४० टक्के व एकूण ५० टक्के गुण आवश्यक असतात. उमेदवारी तीन वर्षांऐवजी दोन वर्षांची करण्यात आली असून ती संपल्यावर सहा महिने अभ्यासासाठी ठेवले आहेत.

अशा रीतीने पदवी नसलेल्या विद्यार्थ्यासही हे दार खुले आहे. अंतिम परीक्षा उत्तीर्ण होण्यासाठी जागांची मर्यादा नाही. मात्र कसोटी कठीण असल्याने अनेकांना एकाहून अधिक प्रयत्न करावे लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये ही अर्हता पदव्युत्तर पदवीशी समकक्ष मानली. उमेदवारीचा काळ घटल्यामुळे विद्यार्थी लवकर कमावता होतो, हा लाभ उघड आहे. परंतु कागदोपत्री जुळणाऱ्या आकड्यांमागील लबाडी ओळखण्याची दृष्टी मुख्यतः प्रत्यक्ष कामातूनच येते. ठेवीदार व भागधारक यांचा विश्वास लेखापालाच्या स्वाक्षरीवर विसंबून असल्याने, उमेदवारी किती काळ असावी हा प्रश्न केवळ विद्यार्थ्याच्या सोयीपुरता राहत नाही.