टायटन: न ऐकलेल्या इशाऱ्यांचा घटनाक्रम

जानेवारी 2018
ओशनगेट कंपनीचे सागरी मोहिमांचे संचालक डेव्हिड लॉकरिज लेखी अहवाल देतात. टायटन पाणबुडीचं कार्बन फायबरचं कवच आतून तपासून घ्या, अशी त्यांची मागणी असते. त्यांनाच कामावरून काढलं जातं. पुढच्या वर्षी त्या कवचाला तडा सापडतो.

2020-21
नवं कवच. जाडी 5 इंच, पण साधारण इंचाइंचाच्या 5 थरांत. धागे आणि राळ गुंडाळायची, उष्णता व दाब देऊन भट्टीत पक्की करायची, मग पुढचा थर चढवायचा. तापलेली राळ आधी पातळ होते. धागे सरकले तर सुरकुत्या पडतात, हवा अडकली तर पोकळ्या राहतात. इथे दोन्ही झालं. सुरकुत्या घासून सपाट केल्या गेल्या. वर पुढचा थर बसला.

15 जुलै 2022
80वी डुबकी. वर येताना मोठा आवाज होतो. कवच चौकटीत सरकलं असेल, असा अर्थ लावला जातो. त्या दिवसापासून ताणमापकांच्या नोंदी बदलतात. डुबक्या चालूच राहतात.

हिवाळा, 2022-23
टायटन कॅनडातल्या सेंट जॉन्स इथे उघड्यावर पडून. वर बर्फ, भोवती गोठवणारी थंडी.

18 जून 2023, सकाळी सव्वानऊच्या सुमारास
टायटॅनिकच्या अवशेषांकडे 88वी डुबकी सुरू. आत 5 जण. सुकाणू कंपनीचे प्रमुख स्टॉकटन रश यांच्याकडे.

सकाळी 10 नंतर
वरच्या ‘पोलर प्रिन्स’ या सोबतच्या जहाजावरून विचारणा होते. उत्तर येतं: ‘इथे सगळं ठीक.’

सकाळी 10:47
टायटनमधून संदेश सुटतो: ‘दोन वजनं टाकली.’ उतरण्याचा वेग कमी करण्याची ही नेहमीची कृती. काही सेकंदांनी शेवटची नोंद: खोली 3,346 मीटर. दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे 340 किलोंचा भार.

त्याच मिनिटाला
टायटन पाण्याच्या दाबाखाली चिरडते, आतले पाचही जण मरण पावतात. ‘पोलर प्रिन्स’वर एक धप्प आवाज ऐकू येतो. वजनांचा संदेश पाण्यातून वर पोहोचतो तो त्यानंतर. त्यामुळे डुबकी सुरळीत चालली आहे, असं जहाजावर वाटतं.

संध्याकाळ
परतण्याची वेळ उलटून जाते. मग तटरक्षक दलाला कळवलं जातं.

22 जून
टायटॅनिकच्या नाळेपासून सुमारे 500 मीटरवर अवशेष सापडतात. कवचाचे थर एकमेकांपासून सुटलेले.

5 ऑगस्ट 2025
अमेरिकी तटरक्षक दलाचा चौकशी अहवाल येतो. निष्कर्ष: ही दुर्घटना टाळता आली असती. 80व्या डुबकीतल्या आवाजानंतर टायटन पाण्याबाहेर ठेवली असती, तर 18 जूनला कुणी तिच्यात बसलंच नसतं.